रेघ कोणाची, रंग कोणाचा?

पुस्तकातील पात्राची आणि वाचकाची पहिली भेट पुस्तकातच होते, असे समजण्याचा प्रघात आहे. आपल्या सुशिक्षित घरांतून मात्र ही भेट बहुधा भिंतीवर होत आली. शाकुंतल वाचण्याचे वय होण्याच्या कितीतरी आधी शकुंतला कशी दिसते हे मुलांस ठाऊक झालेले असे. पुढे नाटक हाती आले तरी डोळ्यांपुढे तीच चित्रातील शकुंतला उभी राही, आणि कालिदासाने सांगितलेले जे त्या चित्रात बसत नाही, ते वाचकाच्या नकळत गळून पडे. चित्राचा हा अधिकार लहान नव्हे. आणि ज्या अधिकाराची कोणी झडती घेत नाही, तो वाढतच जातो. म्हणून साहित्यातील पात्रांच्या छापील चित्रांकडे टीकाकाराच्या दृष्टीने एकवार पाहावे, असे आम्ही योजिले आहे. निमित्त व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतील हातरंगीत चित्रांचे आहे. परंतु आमचा खरा प्रश्न नगर जिल्ह्यातील दोन स्त्रियांविषयी आहे, हे आरंभीच सांगून ठेवतो.

प्रथम ही चित्रे होत कशी ते पाहू. लेखकाने पात्र निर्माण करावे, चित्रकाराने त्याची आकृती रेखाटावी आणि खोदकाम करणाऱ्याने ती तांब्याच्या पत्र्यावर उलटी कोरावी, असा क्रम होता. तांब्याचा पत्रा लवकर झिजे. १८२० नंतर पोलादी पत्रे प्रचारात आले आणि एका ठशावरून पुष्कळ अधिक प्रती निघू लागल्या. शेक्सपिअरच्या नायिकांच्या मुखचित्रांची एक मालाच चार्ल्स हीथ याने १८३६-३७ मध्ये काढली. ठशावरून उतरे ती केवळ काळी रेघ. रंग मागाहून हाताने भरला जाई. एक नमुना आधी रंगवून समोर ठेवीत, आणि एका लांब मेजाभोवती बायका व मुले बसून, प्रत्येकाने एकच रंग लावून, कागद पुढे सरकवीत. एकाने सगळे झगे तांबडे करावयाचे, दुसऱ्याने सगळी झाडे हिरवी, तिसऱ्याने सगळे गाल गुलाबी. ज्या हाताने पात्राच्या गालावर लाली चढे त्या हाताच्या धन्याने तो ग्रंथ वाचलेला असण्याचे काही कारण नव्हते. त्यास मजुरी मिळे ती नगावर, आणि रंग ठरे तो विक्रीच्या धोरणावर.

अशा रीतीने एका चित्रात किमान तीन हात एकवटलेले असतात: लेखकाचा, रेघ कोरणाऱ्याचा आणि रंग भरणाऱ्याचा. पाहणारास मात्र ते एकच वाटतात. या व्यापाराचे मर्म इंग्लंडातील पोरासोरांच्या एका म्हणीत उतरले आहे: साधे चित्र एक पेनी, रंगीत दोन. खेळातल्या रंगभूमीसाठी नाटकांतील पात्रांचे कागद या भावाने विकले जात, आणि रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याने १८८४ साली त्यांवर एक सुंदर निबंध लिहिला. त्यात तो सांगतो की, साधा कागद आणून स्वतः रंगविण्यात आनंद होता, आयता रंगविलेला घेणाऱ्या मुलास तो क्षमा करावयास तयार नाही; पण रंगवून झाल्यावर सारे बिघडे, हेही तो प्रांजळपणे कबूल करतो. स्टीव्हन्सनच्या विनोदात टीकाशास्त्राचा एक सिद्धांतच दडला आहे. नुसती रेघ पाहणारास काम देते. रंग ते काम त्याच्या हातून काढून घेतो.

१८३७ साली एंगेलमान याने रंगीत शिळाछापाचा हक्क फ्रान्समध्ये नोंदविला, आणि पुढे त्या कलेची जसजशी वाढ झाली तसतसा हा मेजाभोवतीचा धंदा बसत गेला. आज ही हातरंगीत चित्रे जुन्या वस्तूंच्या बाजारात चढ्या दराने विकली जातात. त्यांपैकी कित्येक जुन्या ग्रंथांतून कापून काढलेली असून, त्यांवरील रंग विसाव्या शतकात कोणी तरी चढविलेला असतो. कागद जुना, रेघ जुनी आणि रंग नवा! जाणता ग्राहक म्हणूनच पहिला प्रश्न विचारतो तो रंगाच्या वयाचा. हाच प्रश्न साहित्याच्या वाचकानेही विचारावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आपल्याकडे हा व्यवहार थोड्या निराळ्या वाटेने आला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यास चित्रशाळा निघाली; १८९४ साली राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईस सुरू झाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्या छापखान्यातून पहिले चित्र बाहेर पडले ते शकुंतलेच्या जन्माचे. म्हणजे रंगीत छापाच्या या मोठ्या उद्योगाचा श्रीगणेशा एका साहित्यातील नायिकेने झाला. छाप यंत्राचा असला तरी हाताचे काम सुटले नाही. चित्रातील देवीच्या किंवा नायिकेच्या लुगड्यावर घरच्या बायका जरीचे तुकडे, टिकल्या, मणी चिकटवीत. कोठे खऱ्या कापडाचा पदरही लावीत. लंडनच्या मेजाभोवतीचा हात मजुरीचा होता, हा हात मायेचा होता. आम्हांस दुसऱ्याविषयी अधिक आदर आहे. तथापि परिणाम एका बाबतीत सारखाच झाला. पत्र लिहिणारी शकुंतला, पायातील काट्याच्या निमित्ताने मागे वळून पाहणारी शकुंतला घरोघर पोहोचली. भर राजसभेत दुष्यंताचा धिक्कार करणारी पाचव्या अंकातील शकुंतला त्या मानाने अनोळखीच राहिली. तिच्यावर टिकल्या लावाव्यात असे कोणास वाटले असते?

साहित्यातील नायिकेचे असे झाले, तर जी स्त्री आधी इतिहासात होती आणि मागाहून साहित्यात गेली, तिचे काय होत असेल? येथे आम्ही नगरकडे वळतो.

चांदबिबी ही अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची मुलगी. विजापूरच्या अली आदिलशहाशी तिचा विवाह झाला, तो दक्षिणेतील शाह्यांच्या तहाचा भाग म्हणून. सोलापूरचा किल्ला तिच्याबरोबर आंदण गेला. १५८० साली पती मारला गेल्यावर अल्पवयी इब्राहिम आदिलशहाच्या वतीने तिने विजापूरचा कारभार पाहिला. पुढे ती माहेरी परतली. १५९५ च्या अखेरीस अकबराचा पुत्र मुराद याने अहमदनगरच्या किल्ल्यास वेढा दिला, तेव्हा दरबारात तट पडलेले होते आणि गादीचा हक्कदार बहादूर हा तान्हा होता. सुरुंगांपैकी काही आतील लोकांनी शोधून निकामी केले. एक उडाला आणि तटास खिंडार पडले. त्या वेळी चांदबिबी तोंडावर बुरखा घेऊन, हाती नागवी तलवार धरून खिंडारावर आली, पळणारे थांबले, आणि रात्रीतून भिंत पुन्हा उभी राहिली. १५९६ साली तह झाला; वऱ्हाड मोगलांस देऊन तिने नगर राखले. १६०० साली शहाजादा दानियालचा वेढा पडला, तेव्हा किल्ला टिकणार नाही हे ओळखून ती बोलणी करण्याच्या विचारात होती. राणी शत्रूस मिळाली, अशी ओरड हमीदखानाने उठविली आणि जमावाने तिला तिच्या महालात शिरून ठार मारले. त्यानंतर थोड्याच काळात किल्ला पडला.

ही झाली रेघ. ती मुख्यत्वे फिरिश्त्याची आहे, आणि इंग्रजी वाचकांस ती १८२९ च्या ब्रिग्जच्या भाषांतरातून मिळाली. रेघेचाही हात कोणाचा ते पाहिले पाहिजे. फिरिश्ता आधी नगरास होता, मग विजापूरच्या आश्रयास गेला, आणि ज्या इब्राहिम आदिलशहाच्या छत्राखाली त्याने इतिहास लिहिला, त्याच्या बालपणी कारभार पाहणारी हीच चांदबिबी होती. तिच्याविषयी त्याच्या लेखणीस आदर असावा यात नवल नाही. तरी तिच्या वधाची हकीकत त्याने लपविली नाही, हा त्याचा मोठेपणा.

या रेघेवर रंग चढू लागला तो लवकरच. खाफीखानाने तिने मोगली छावणीवर रुप्याचे गोळे झाडल्याचे लिहिले. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर राहिलेल्या एल्फिन्स्टनने १८४१ च्या आपल्या इतिहासात नगरातील लोकवार्ता नमूद केली आहे. गोळे संपले तेव्हा राणीने तोफांत आधी तांब्याची नाणी भरली, मग रुप्याची, मग सोन्याची. आणि जडजवाहीर झाडण्याची वेळ आली तेव्हा कोठे ती तहास कबूल झाली. पुढे मेडोज टेलरने तिला कादंबरीची नायिका केले. टेलरने उमेदीची सारी वर्षे निजामाच्या राज्यात काढली होती, त्यास दक्षिणेची माहिती होती, आणि १८३७ साली त्याने काढलेल्या दक्षिणेतील दृश्यांचा शिळाछाप संग्रहही लंडनमध्ये प्रसिद्ध झाला होता. चित्र आणि शब्द दोन्ही त्याच्या हातचे होते. १८७६ साली तो वारला. ‘अ नोबल क्वीन’ ही त्याची कादंबरी १८७८ साली तीन भागांत निघाली. तिचा प्रणयाचा धागा अब्बासखान व झोरा यांच्याभोवती फिरतो; राणीच्या वाट्यास येते ते उदात्तपण. नावातच ते विशेषण घालून लेखकाने नमुना रंगवून ठेविला, आणि पुढचे काम मेजाभोवती बसणारांस सोपे झाले.

चित्रांतील चांदबिबी दोन प्रकारची आहे. एक शिकारीची: घोड्यावर बसलेली, हातावर ससाणा, भोवती सेवक. दक्षिणी कलमाची अशी चित्रे अनेक आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयातील प्रसिद्ध चित्र सुमारे १७०० सालचे, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांचे आहे. दुसरी खिंडारावरची, तलवार घेतलेली. ही नंतरच्या काळात पाठ्यपुस्तकांनी व दिनदर्शिकांनी सर्वतोमुखी केली. दोन्ही चित्रे देखणी आहेत आणि दुसरीस इतिहासाचा आधारही आहे. पण वऱ्हाडाच्या तहावर मोहोर करणारी चांदबिबी कोठे आहे? विजापुरास परक्या दरबारात राज्याचा गाडा हाकणारी कोठे आहे? आणि ज्यांच्यासाठी ती लढली, त्यांच्याच हातून मरणारी चांदबिबी कोणी रंगविली?

शहरापासून पूर्वेस काही कोसांवर शहाडोंगर आहे. त्यावर अष्टकोनी, तीन मजली, भव्य दगडी इमारत दिसते. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. वस्तुतः ती मुर्तुजा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. ज्याचे ते थडगे तो विस्मृतीत गेला आणि राणीचे नाव दगडास चिकटले. चित्रांच्या बाबतीत जे झाले तेच येथे इमारतीच्या बाबतीत झाले: आकृती एकाची, नाव दुसऱ्याचे, आणि पाहणारांचे समाधान पुरे.

याच जिल्ह्यातील दुसरी स्त्री म्हणजे जामखेड तालुक्यातील चौंडीस १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर. २०२४ साली जिल्ह्यास त्यांचेच नाव मिळाले. व्हिक्टोरियाच्या अमदानीत त्याही इंग्रजी साहित्यातील पात्र झाल्या होत्या, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या ध्यानात नाही. स्कॉटिश कवयित्री जोॲना बेली हिने १८४९ साली त्यांच्यावर एक काव्य लिहिले. आधार घेतला तो १८२३ साली निघालेल्या माल्कमच्या माळव्याच्या वृत्तांताचा. माल्कमची रेघ स्वच्छ आहे: उघड्या दरबारात बसून तक्रारी स्वतः ऐकणारी, सारा माफक ठेवणारी, गावच्या वतनदारांच्या हक्कांस जपणारी राज्यकर्ती. १७६७ पासून १७९५ पर्यंत हा कारभार चालला. भिंतीवर आली ती मात्र पांढरे वस्त्र नेसलेली आणि तळहातावर शिवलिंग घेतलेली अहिल्याबाई. भक्ती खोटी नव्हती. पण हिशेबाची वही चित्रात आली नाही.

माल्कमने त्यांची एक गोष्ट सांगितली आहे. एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ लिहून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपण इतक्या थोरवीच्या नाही असे म्हटले, ग्रंथ नर्मदेत टाकविला आणि ग्रंथकर्त्याची पुन्हा विचारपूस केली नाही. आपल्यावर रंग चढत आहे हे ओळखून तो जिवंतपणीच धुऊन टाकणारी नायिका जगाच्या साहित्यात विरळा.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला चित्रकलेच्या कैवाऱ्यांचा. लेसिंगने १७६६ सालीच सांगून ठेविले आहे की, चित्रास एकच क्षण साधतो. मग त्याच्याकडून सबंध चरित्र का मागता? आम्ही चरित्र मागत नाही. पण तोच लेसिंग असेही सांगतो की, तो एक क्षण असा निवडावा, ज्यातून मागचे व पुढचे कल्पनेस दिसावे. खिंडारावरील राणीच्या चित्रात पुढचे काही दिसत नाही. तेथे जणू जयच झाला. तहाच्या कागदापुढे बसलेल्या राणीच्या चित्रात मागचा वेढा आणि पुढचा घात दोन्ही दिसले असते. ते कोणी काढले नाही, कारण तडजोड करणारी वीरांगना विकली जात नाही.

दुसरा आक्षेप संशोधकांचा. सोन्याचे गोळे ही भाकडकथा असेल, तर ती पुसून टाकावी, आणि रेघ तेवढी ठेवावी, असे ते म्हणतील. जुने हातरंगीत चित्र पाण्याने धुऊ पाहणारास विचारावे: रंग जातो, पण कागदही पोचतो. शिवाय ती लोकवार्ता पुन्हा एकदा बारकाईने ऐकावी. तांबे, रुपे, सोने, जवाहीर हा क्रम म्हणजे राणीने रयतेचे नव्हे, आपले काय खर्चिले याचा चढता हिशेब आहे. आणि त्या हिशेबाच्या शेवटी तह आहे. सर्व संपेपर्यंत ती नमली नाही, संपल्यावर नमली, आणि तसे नमण्यात कमीपणा नाही, असा नगरच्या लोकांचा निवाडा त्यात आहे. ज्या तहाच्या बोलण्यांवरून पुढे जमावाने तिचा जीव घेतला, तोच मार्ग तिच्याच शहराने या गोष्टीत योग्य ठरविला. कादंबरीकाराने उदात्तपणा दिला, चित्रकाराने तलवार दिली. न्याय दिला तो या नाव नसलेल्या गोष्ट सांगणारांनी. त्यांचा रंग भडक खरा, पण तो रेघेच्या बाहेर गेलेला नाही.

म्हणून आमचे मत असे की, रंग तेवढा खोटा आणि रेघ तेवढी खरी, ही वाटणी फार ढोबळ आहे. रंग कोणत्या हेतूने भरला आणि तो रेघेस उजळतो की झाकतो, यावर त्याची किंमत करावी. कित्येकदा बाजारी हाताने भरलेला रंग पात्राचे तोंड झाकतो, आणि लोकांच्या तोंडची भाबडी गोष्ट ते उघडे करते. साहित्याच्या टीकाकारांनी कादंबऱ्यांची व नाटकांची परीक्षा केली, पण ज्या चित्रांतून त्या पात्रांची नावे घराघरांत गेली, त्यांची परीक्षा करणे हे आपले काम आहे, असे त्यांस फारसे वाटलेले दिसत नाही. ही उणीव भरून निघाली पाहिजे.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी अशी एखादी जुनी तसबीर माळ्यावर किंवा देवघराशेजारी असेल. ती काढून टाकावी असे आम्ही म्हणणार नाही. मुलांनी विचारले तर एवढे मात्र सांगावे की, ही बाई या एका क्षणापुरती नव्हती. तलवार म्यान केल्यावर तिला कागदही वाचावे लागले, तह करावे लागले, आणि त्यांची किंमत द्यावी लागली. अहिल्याबाईंच्या चित्राखाली माल्कमची ती नर्मदेची गोष्ट सांगावी. मुले चित्र विसरणार नाहीत. पण पुढे कधी ग्रंथ हाती आला, तर चित्रात नसलेले काय आहे ते शोधण्यासाठी तो उघडतील.